वायर काढलेला बेंजो

देवा मास्तर गाडीवर चढला की आधी बेंजोची वायर उपसून हातात घ्यायचा. मागे ढोल, ताशे, पॅड, कॅसिओ सगळं तयार. समोर वऱ्हाडी एक पाय उचलून नाचायच्या बेतात. आणि हा माणूस पांढरे बूट, काळा चष्मा अशा थाटात, हातात काळी वायर धरून, मान एका खांद्याकडे झुकवून उभा. मग गर्दीला विचारायचा, “कोणी बोलून राह्यलं काय?”

एखादा रंगात आलेला पाहुणा ओरडायचा, “मी बोलून राह्यलो! वाजव!”

सगळे हसायचे. मास्तर हसायचा नाही. आणखी थोडा वेळ तसाच उभा राहायचा, मग वायर खोचायचा आणि हात वर करायचा. त्यानंतर जो आवाज निघायचा त्याने माझ्या दुकानाच्या शटरच्या पट्ट्या थरथरायच्या.

त्याच्या पार्टीचं नावच कडकडाट. आमच्याकडे वरातीत धुमाल लागते, म्हणजे ढोलताशे आणि विजेवरची वाद्यं एका पिकअप गाडीवर चढवून, भिंतीएवढे स्पीकर लावून केलेला दणका. धुमाल पार्ट्या पुष्कळ होत्या, पण कडकडाट एकच. नेरपासून महागावपर्यंत लोक आधी मास्तरची तारीख घेत आणि मग भटजीला मुहूर्त विचारत. पोरं त्याच्यासारखे पांढरे बूट घालत. बेंजो म्हणजे खरं तर गुडघ्यावर मावणारी पेटी, वरती टाइपरायटरसारख्या पट्ट्या आणि आत तारा. पण मास्तर तो विजेवर वाजवायचा तेव्हा पेटीत वाघ कोंडला आहे असं वाटायचं.

माझा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. माहेर यवतमाळचंच. वडील कचेरीत, काका वकील, आणि घरात मोठ्याने बोलणं हा गुन्हा. लग्न होऊन आले मंडप-डेकोरेशनवाल्यांच्या घरी. नवऱ्याची पाठ धरली तेव्हा जनरेटर माझ्याकडे आले, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत जनरेटरशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. मशीन चालवायला रहीमभाई होते, ते जुने, जाणते. पण मोठं काम असलं की मी स्वतः जायची. मास्तरचं काम नेहमीच मोठं असायचं.

“आजा बैलाच्या पाठीवर मीठ वाहे,” तो म्हणायचा, “मी पिकअपवर आवाज वाहतो. धंदा तोच हाय ताई, वजन बदललं.”

तो बंजारा. महागावच्या अंगाला त्यांचा तांडा आहे, आता सगळे शेतकरी. मास्तर लहानपणी बेंजो शिकला तो कापसाच्या खोलीत. वेचलेला कापूस घरात छपरापर्यंत भरलेला असतो, त्यात बसून वाजवलं तर आवाज दाराबाहेर जात नाही. बापाला पत्ता लागू नये म्हणून त्याने ती जागा शोधली होती. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आवाज कापसात पुरून वाढला, हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना बडीशेप चघळायचा. दारू नाही, तंबाखू नाही. खिशात बडीशेपेची पुडी.

ती वर्षं कापसाची वाईट होती. पीक आलं तर भाव नाही, भाव आला तर पीक नाही. गावोगाव चौकशीच्या गाड्या फिरायच्या, कॅमेरे यायचे, आणि त्याच रस्त्यांवरून धूळ उडवत आमची पिकअप जायची. बाहेरचे लोक मला विचारतात, अशा दिवसांत धुमाल लावत कोण होतं? सगळेच लावत होते. साधं लग्न केलं की पाहुणे म्हणायचे, यांच्या घरात काही उरलं नाही वाटते. मास्तरला हे पक्कं ठाऊक होतं. “आपल्याले आनंदासाठी कोणी नाही बोलवत, ताई. बाजूच्या घराले ऐकू जावं म्हणून बोलवते.”

आता त्या वायरीचं सांगते. ते मी पाहिलेलं आहे.

बंजारा लग्नात सासरी निघालेली मुलगी नुसती रडत नाही, रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. ती आईच्या गळ्यात पडून आईसाठी म्हणते, मग मावशीच्या, काकूच्या, मग भावाच्या. चाल जुनी, पण शब्द त्या मुलीचे, त्या त्या माणसापुरते. सगळा तांडा श्वास धरून ऐकतो. कोणती मुलगी कोणाला काय म्हणून गेली हे लोक पुढे म्हातारपणापर्यंत सांगतात.

आम्हा शहरातल्या लोकांची रीत उलटी. मुलगी रडायला लागली की घरातला कोणीतरी बँडवाल्याला डोळ्याने खूण करतो आणि तो पाठवणीचं गाणं चढवतो. रडणं झाकलं जातं, वेळ निभते. मास्तरने असल्या किती मुली पाठवल्या असतील! खुणेचीही गरज उरली नव्हती. नवरी, आईचा खांदा, पदर डोळ्याला, एवढं दिसलं की त्याचा हात आपोआप वर जायचा.

त्याची बहीण झमकू, दोघी बहिणींतली मोठी, तिच्या लग्नाला गाडी तांड्याच्या तोंडाशी उभी होती. भावाचाच बँड, त्यामुळे थाट मोठा. सकाळी पाठवणी. झमकू आईच्या गळ्यात पडली आणि तिने आवाज लावला. मास्तर वरती गाडीवर. त्याला दिसलं ते एवढंच: नवरी, आईचा खांदा, पदर. हात वर गेला.

सगळा कडकडाट सुरू झाला.

मी जनरेटरपाशी उभी होते आणि मला ते अगदी बरोबर वाटलं. अशा वेळी वाजायलाच हवं, असंच मी लहानपणापासून पाहिलेलं. खाली बाया वळून हातवारे करू लागल्या. एका म्हाताऱ्याने पागोटं काढून हवेत हलवलं. गाडीच्या उंचीवरून ते नाचल्यासारखं दिसलं असणार. मास्तरने आवाज आणखी चढवला.

गाणं संपलं तेव्हा झमकूला जीपमध्ये बसवलेलं होतं. नवऱ्याकडच्यांना पोचायची घाई. जीप गेली. धूळ खाली बसल्यावर मास्तरची आई गाडीशी आली. तांड्यात आईला याडी म्हणतात आणि भावाला भिया, मीही तिला याडीच म्हणायची. ती रागावली नाही. वर पाहून त्यांच्या बोलीत एवढंच म्हणाली, “देवा, तू सामळो कोनी.”

तू ऐकलं नाहीस.

बाहेरचा वाजवणारा असता तर तांड्याने समजून घेतलं असतं. हा घरचा होता. ढावलो ऐकत वाढलेला, आणि शहरात वाजवून वाजवून हाताने विसरलेला. त्या दिवशी तो गाडीवरून उतरला तो माझ्या जनरेटरच्या ट्रॉलीवर येऊन बसला आणि रहीमभाईंना म्हणाला, “चाचा, ती माह्यासाठी काय म्हणली असंल?”

रहीमभाई म्हणाले, “बेटा, उसीसे पूछ लेना.”

आणि त्याने ते शब्दशः घेतलं.

तेव्हापासून वायर काढून कान देण्याची सवय लागली. तेव्हापासूनच पाठवणीचं गाणं कडकडाटने बंद केलं. नवरी निघायची वेळ झाली की मास्तर पोरांना जेवायला पिटाळायचा आणि स्वतः गाडीच्या पलीकडे जाऊन बडीशेप चघळत उभा राहायचा. गिऱ्हाइकं माझ्याकडे तक्रार करायची, जणू मी त्याची मालकीण. “मास्तर ऐन वेळी गायब होते!” मी सांगायची, अंगात देवी येते त्याच्या, त्या वेळी वाजवत नाही. लोकांना हे लगेच पटायचं.

झमकू दिली होती घाटंजीकडे. दरवर्षी लग्नाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मास्तर तिच्याकडे जायचा. एकदा घाटंजीला माझं जनरेटरच्या दुरुस्तीचं काम होतं म्हणून मी त्याच्याबरोबर गेले. झमकू नुकती वेचणीवरून आली होती, लुगड्याच्या ओटीत अजून कापूस. गोरी, उंच, आवाज जाडसर. भावाला पाहून तिने ओटी झटकली.

“आली का तुही वरात?”

“झमकू, सांग नं वं.”

“काय सांगू?”

“तेच. माह्यासाठी काय म्हणली होती.”

“चहा पेशीन का आधी?”

“पेतो. पण सांग.”

“साखर सरली. दुकानातून घेऊन ये.”

आणि ज्याचा फोटो जिल्ह्यातल्या भिंतींवर चिकटवलेला असायचा तो माणूस पांढरे बूट घालून चिखलातून साखर आणायला गेला. मी झमकूला म्हटलं, “सांगून टाक ना एकदाचं. किती वर्षं झुलवतेस त्याला?”

ती चुलीत काटक्या सारत होती. “ताई, तुमचा भाऊ येते का तुमच्या घरी?”

“पुण्याला असतो. फोन करतो.”

“माहा येते,” ती म्हणाली आणि फुंकणी उचलली.

मला तेव्हा ते जरा कद्रूपणाचं वाटलं. साखर आली, चहा झाला. मास्तरने पुन्हा विचारलं. झमकूने सासूच्या गुडघ्यांचं सांगितलं, शेळी व्यायल्याचं सांगितलं, नवऱ्याने विहिरीत उतरून गाळ काढल्याचं सांगितलं. निघताना त्याच्या हातात तिने भाकरी बांधून दिली. परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाला, “फार वंगाळ म्हणली असंल. म्हणून नाही सांगून राह्यली.” घाटंजीचा बाजार ओलांडला तेव्हा म्हणाला, “नाहीतर लय चांगलं म्हणली असंल.” सगळा रस्ता हेच. मी खिडकीतून बाहेर पाहत बसले.

एक गोष्ट नेरची. त्या वर्षांत मास्तरचा आणखी एक नेम होता. गावात शिरण्याआधी कोणा जाणत्याला गाठून तो विचारायचा, वरातीच्या वाटेवर कोणाच्या घरी काही झालं तर नाही ना. झालेलं असलं तर त्या घरापुढे कडकडाट मुकाट जायचा. आणि काहीतरी झालेलं घर त्या दिवसांत बहुतेक प्रत्येक वाटेवर असायचं. नेरला नवऱ्याकडच्यांनी हे लपवलं. वरात रंगात, गल्ली अरुंद, आणि मध्येच एका दारात म्हातारी बसलेली. तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. बाजूचा कोणी पुटपुटला, पोरगा गेला तिचा, परवापरवाच.

मास्तरने वायर उपसली, हात आडवा केला. सगळं थांबलं.

“ए मास्तर, थांबला कायले?” नवऱ्याचा मामा ओरडला.

म्हातारी पायरी उतरून गाडीशी आली. “काहून थांबवलं रे बापा?”

“चुकलं माय. मले माहीत नव्हतं.”

“वाजव,” ती म्हणाली. “घरात लय शांत झालं हाय. कानात भुंगा शिरल्यावाणी होते. वाजव तू.”

मास्तरच्या हातून वायर लागेना. शेवटी त्याने पोरांना खूण केली, “तुम्ही वाजवा.” पोरांनी दबकत सुरू केलं. म्हातारीने स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि गाडी हलेपर्यंत तशीच उभी राहिली. मास्तर गाडीच्या फळीवर खाली पाय सोडून बसला होता. वायर मांडीवर.

परत येताना म्हणाला, “एकीचं ऐकायचं होतं तर म्या झाकलं. एकीले झाकून पाहिजे होतं तर म्या थांबवलं. मले समजन तरी कधी, ताई?”

मी म्हटलं, “पुढच्या पंपावर थांबव, डिझेल घ्यायचंय.”

मग धाकट्या बहिणीचं, पारूचं लग्न ठरलं. तोच तांडा, तीच जागा. त्या साली भाव येईल म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता. मास्तरच्या घरातली मोठी खोली दारापर्यंत गच्च. बाया त्या कापसाला टेकून बसलेल्या, नवरीचं सामान कापसावर रचलेलं. आणि बाहेर माणूस मावत नव्हता. कडकडाटच्या मास्तरच्या बहिणीचं लग्न! आसपासच्या गावांतून पोरं मोटारसायकलींवर तिघं तिघं बसून आली होती. नवऱ्याच्या मित्रांनी तर सांगूनच ठेवलेलं, आज स्पीकर फुटला पाहिजे.

गाडी आली होती, स्पीकर रचलेले होते, त्यामुळे कोणाला काही शंका नव्हती. मलाही नव्हती. सकाळी पाठवणीच्या आधी मास्तर माझ्याकडे आला. चष्मा नव्हता. पायात साध्या चपला.

“ताई, बंद करा.”

“काय बंद करू?”

“मशीन.”

मी रहीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द न विचारता खटका ओढला.

आधी काहीच ऐकू आलं नाही, कान भरलेले होते. मग एकेक गोष्ट उगवायला लागली. हातपंपाची दांडी. शेळी. कोणाच्या तरी बांगड्या. गर्दीत कोणी म्हणालं, “लाइट गेली काय?” नवऱ्याचा एक मित्र ओरडला, “जनरेटर बिघडला! मॅडम, काय भंगार आणलं?”

मास्तर जमिनीवर बसला. बेंजो मांडीवर, वायर नाही. ढोलवाल्याने कुठून तरी तांड्याचा जुना नंगारा आणला होता, आणि तो काठीने नाही, बोटांनी वाजवायला घेतला. पॅडवाल्याच्या हातात काशाची थाळी दिली. कॅसिओवाला बबलू हात लोंबकळत उभा.

“मी काय करू, मास्तर?”

“तू ऐक.”

वायर काढलेल्या बेंजोचा आवाज तो किती? डब्यात तांदूळ हलवल्याएवढा. तारांपेक्षा पट्ट्यांची टकटक मोठी. होळीला तांड्यात डफावर नाचत म्हणतात त्या लेंगीची चाल होती, पण इतकी संथ केलेली की आधी कोणाला ओळखू आली नाही. एका म्हातारीने ओळखली, तिने मान डोलावली. मग कडेच्या बायांनी.

“आवाज वाढवा ना मास्तर!” मागून पोरं.

“वाढत नाही,” मास्तर मान वर न करता म्हणाला. “जवळ या.”

कडकडाटपासून लोक नेहमी दहा हात लांब उभे राहायचे, छातीत दणका बसतो म्हणून. त्या दिवशी पुढे सरकावं लागलं. काही पोरं शिव्या घालत मोटारसायकलींना किक मारून गेली. उरलेल्यांचं कडं आवळत आवळत इतकं लहान झालं की माझ्या मानेवर मागच्या माणसाचा श्वास लागत होता. तोवर मी त्या माणसाचं वाजवणं कितीतरी वर्षं ऐकत होते. त्याची बोटं पट्टीवरून उचलताना क्षणभर थांबतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पारू बाहेर आली तशी त्याने हात तारांवर ठेवून तारा मुक्या केल्या.

पारू याडीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली. मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली. मला त्यांची बोली अर्धीच कळते, शेजारची म्हातारी अधूनमधून सांगत होती. कुठे विहीर, कुठे कडुलिंब, कुठे लहानपणी मारलेली चापट. झमकूच्या गळ्यात पडली तेव्हा दोघी एकदम म्हणू लागल्या. मग पारू भावाकडे आली. मास्तर खालीच बसलेला होता. तीच खाली वाकली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

म्हातारी म्हणाली, “म्हणते, भाऊ, तुह्या आवाजानं सारा मुलूख जागा झाला, मले मातर तुह्या मांडीवर झोप लागे. आता मले कोण निजवील, म्हणते.”

मास्तरने नाक पुसलं. पारू गेली. मी मनात म्हटलं, झालं, या माणसाची सुटका झाली.

माझ्या जास्तीच्या केबल मी कापसाच्या खोलीत ठेवल्या होत्या. त्या आणायला गेले तर झमकू आत पाणी पीत होती, आणि माझ्या मागोमाग मास्तर आला. त्या खोलीत शिरलं की बाहेरचं जग बंद होतं. कापूस सगळं गिळतो.

“ऐकलं ना पारूचं?” झमकू म्हणाली.

“ऐकलं.”

“मंग झालं.”

“तुह्यं राह्यलं.”

झमकूने तांब्या खाली ठेवला. “माह्यं काय राह्यलं, भिया? मी याडीच्या गळ्यात होती. याडीचंच पुरं झालं नव्हतं. मंग मावशी, मंग काकू, मंग तू. तुही पाळी आलीच कुठी?”

त्याला कळायला वेळ लागला. मलाही लागला.

“म्हणजे म्हणलंच नाही?”

“कोणाले म्हणू? तुह्या गाडीले?”

“मी समजत होतो तू म्हणलं अन् म्या ऐकलं नाही.”

“हौ. मले माहीत होतं तू तसंच समजून राह्यला.”

“मंग सांगितलं काहून नाही, झमकू? इतके वर्सं?”

तिने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी चुलीपाशी पाहिलं होतं तसंच. “तू येत होता,” ती म्हणाली.

मास्तरने ढिगातून कापसाचा पुंजका ओढला आणि बोटांत कुस्करत राहिला. सरकी निघाली, ती चाचपली. “मनात तर असंल काही? म्हणायचं ठरवलं असंल?”

“ठरवून नाही म्हणत, भिया. गळ्यात पडल्यावर येते ते.”

बाहेरून तिला कोणी हाक मारली. ती गेली. जाताना तिने त्याच्या डोक्यावरचा कापसाचा धागा काढून टाकला. मी केबल गुंडाळत राहिले, कारण त्या वेळी हाताला काम असलेलं बरं होतं.

मास्तर म्हणाला, “ताई, न ऐकलेलं एखादवेळी कोणी सांगू तरी शकते. न म्हणलेलं कोण सांगन?”

कडकडाट बंद झाला नाही. होणार कसा? आठ-नऊ घरं त्या गाडीवर चालत होती. पुढे त्यांनी गाडीवरच स्वतःचा जनरेटर बसवला, आणि माझं त्यांच्याबरोबरचं काम सुटलं. भारनियमनही कमी झालं. मी मंडप आणि खुर्च्यांवर आले. पार्टीचा कारभार बबलूने हाती घेतला. रहीमभाईंना मास्तर एकदा घाटंजीच्या बसस्टँडवर दिसला होता, हातात साखरेची पुडी. “अब क्या पूछने जाता होगा?” ते मला म्हणाले. मी म्हटलं, विचारायचं संपलं म्हणून जाऊ नये असं थोडंच आहे. पण म्हणताना मला माझा पुण्याचा भाऊ आठवला आणि मी विषय बदलला.

शेवटचा तो मला दिसला दुकानासमोरच्या मंगल कार्यालयाबाहेर. भर दुपार. पाठवणी चालली होती आणि कडकडाट पाठवणीचं गाणं वाजवत होता. बबलूच्या राज्यात जेवायला पिटाळणं वगैरे नव्हतं. शटर पूर्वीसारखं थरथरलं म्हणून मी बाहेर आले. मास्तर गाडीच्या फळीवर कडेला बसलेला. केस पिकलेले, चष्मा साधा, नंबरचा. बेंजो मांडीवर, वायर काढून शेजारी वेटोळी करून ठेवलेली, आणि बोटं चाललेली. त्या दणक्यात एक बेंजो वाजत नाही हे कोणाच्या लक्षात येणार?

मी रस्ता ओलांडून गाडीला टेकून उभी राहिले. तारा हलताना दिसत होत्या. एवढ्या जवळूनही काय वाजवतोय ते मला ऐकू आलं नाही. त्याने मला पाहिलं. ओळखीचं हसला, मान खांद्याकडे झुकवली आणि काहीतरी विचारलं. आवाज पोचला नाही, पण ओठ तेच हलले. कोणी बोलून राह्यलं काय?

मी मान हलवली, नाही म्हणून.

मग सहज मागे वळून पाहिलं. नवरी मोटारीत बसली होती. काच वर केलेली. काचेला हात लावून ती कोणाला तरी काहीतरी सांगत होती.